घरचं उत्पन्न, अपंगत्वाचा भत्ता आणि 'परिस्थिती बरी आहे' हा शेरा

वहीखातं (धागाकर्ती)

सरकारी खर्चावरच्या एका चालू धाग्यात मध्येच एक वाक्य येऊन गेलं : अपंगत्वाचे भत्ते घेणारे कितीतरी लोक खाऊनपिऊन सुखी घरातले असतात. तिथे ते तसंच वाहून गेलं. अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतेय.

हे वाक्य धादांत खोटं असतं तर एका ओळीत उत्तर देऊन मोकळी झाले असते. ब्रिटनमध्ये घरांच्या उत्पन्नाची चळत खालपासून वरपर्यंत लावली तर अपंगत्व भत्ता येणारी घरं फक्त तळाशी नसतात, मधल्या थरांतही पुष्कळ दिसतात. ती मध्ये कशी पोचली, हे मात्र कोणी विचारत नाही.

ब्रिटनचंच उदाहरण घेते, कारण तिथली मोजणी उघड आणि सविस्तर आहे. काम आणि निवृत्तिवेतन सांभाळणारं खातं दरवर्षी घरगुती उत्पन्नाची आकडेवारी काढतं. घरातल्या सगळ्यांची कमाई, पेन्शन, व्याज, सरकारकडून येणारे सगळे भत्ते एकत्र करायचे, कर वजा करायचा. मग घर किती माणसांचं आहे त्यावरून हा आकडा सारखा करून घ्यायचा. त्यासाठी ओईसीडी या देशांच्या संघटनेचं सुधारित माप वापरतात : पहिला प्रौढ १, पुढचा १४ वर्षांवरचा प्रत्येक माणूस ०.५, त्याहून लहान मूल ०.३. (ब्रिटनमध्ये जोडप्याला १ धरून हेच प्रमाण मांडतात, पण गणित तेच.) येणाऱ्या आकड्यांचा मध्यक, म्हणजे बरोबर मधल्या घराचा आकडा, काढायचा, आणि त्याच्या ६० टक्क्यांखाली जे घर ते गरीब.

या मापात वय आहे, माणसांची संख्या आहे. अपंगत्व नाही. दोन प्रौढांचं घर म्हणजे १.५, मग दोघे रोज धावायला जाणारे असोत, की एकाला रात्री दर दोन-तीन तासांनी कूस बदलून द्यावी लागत असो.

आता यात भत्ता घाला. पीआयपी हा तिथला मुख्य अपंगत्व भत्ता. काम करण्याच्या वयातल्या लोकांसाठी २०१३ पासून तो डीएलए या जुन्या अपंगत्व भत्त्याच्या जागी आला. उत्पन्नाची अट नाही, कर नाही. दोन भाग : रोजचं जगणं आणि हिंडणं-फिरणं. २०२५-२६ मध्ये दोन्ही भागांचा वरचा दर मिळाला तर आठवड्याला ११०.४० अधिक ७७.०५ पौंड, म्हणजे १८७.४५. वर्षाचे साडेनऊ हजार पौंडांच्या वर. हा पैसा अपंगत्वामुळे होणाऱ्या जादा खर्चासाठी आहे, असं सरकार स्वतःच सांगतं. पण तक्त्यात तो 'उत्पन्न' म्हणून जमा होतो, आणि ज्या खर्चासाठी दिला तो कुठेच वजा होत नाही. कामासाठी मिळालेला प्रवासखर्च पगारात धरून 'तुमची पगारवाढ झाली' म्हणण्यातला प्रकार आहे हा.

याचा परिणाम विचित्र होतो. एखाद्याचा आजार बळावला, खालच्या दराऐवजी वरचा दर लागू झाला, की तक्त्यात त्याचं घर वर सरकतं. तब्येत जितकी खालावेल तितकं घर श्रीमंत. आणि मग कोणीतरी तोच तक्ता पुढे करून म्हणतं, बघा, भत्ता घेणारे काही अगदी गरीब नाहीत.

त्या खात्याला हे माहीत नाही असं नाही. अपंगत्वाचे भत्ते उत्पन्नातून वगळून केलेले वेगळे तक्तेही ते छापतात. बातमीत मात्र पहिलाच आकडा येतो.

माझे प्रश्न दोन. घर हे एकक धरणं या बाबतीत कितपत बरोबर आहे? आणि भत्त्याला घरच्या उत्पन्नाची अट असावी का? वेगवेगळ्या देशांतल्या नियमांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांनी लिहावं. गुद्दे नकोत, मुद्दे चालतील.

रोखठोक

मुद्दाच लिहितो. ते 'खाऊनपिऊन सुखी' मीच लिहिलं होतं आणि मागे घेत नाहीये.

मोजमापातली खोट मान्य. पण खर्च वजा करून, हवा तसा हिशेब लावूनही काही घरं शेवटी सुस्थितीतच राहतात ना? वर्षाला लाखभर पौंड कमावणाऱ्या घरातही तोच दर, आणि एकट्या राहणाऱ्या, काहीच न कमावणाऱ्यालाही तोच दर. ब्रिटनचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांनी मुलासाठी डीएलएचा अर्ज आपण स्वतः भरल्याचं जाहीरपणे सांगितलं होतं. त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं नाही, मुलाचं दुखणं खरंच मोठं होतं. पण त्या घराला तो पैसा नसता मिळाला तर काय अडलं असतं? तोच पैसा खालच्या माणसाला दुप्पट देता आला असता. तिजोरी काही अथांग नसते.

हिशेबनीस

वहीखातं, धागा रोचक. जादा खर्चाच्या मुद्द्याला जरा आकड्यांची जोड देतो.

अमर्त्य सेन यांनी यात दोन अडचणी वेगळ्या काढल्या आहेत. एक, अपंगत्वामुळे कमाई कमी होते. दुसरी, हातात आलेल्या पैशाचं जगण्यात रूपांतर करायलाच जास्त पैसा लागतो. पहिली अडचण उत्पन्नाच्या तक्त्यात दिसते, दुसरी दिसत नाही. यासाठी ते व्हीप्के कुक्लिस या अर्थतज्ज्ञ बाईंनी ब्रिटनवर केलेल्या अभ्यासाचा दाखला देतात. एकूण लोकांपैकी दारिद्र्यरेषेखालच्या घरांत राहणारे १७.९ टक्के. अपंग सदस्य असलेली घरं वेगळी काढली तर २३.१ टक्के. म्हणजे नुसत्या उत्पन्नातला फरक पाच टक्क्यांच्या आसपास. 'फार काही नाही' म्हणून पान उलटावं असा. पण त्याच घरांचा जादा खर्च हिशेबात धरला की आकडा होतो ४७.४ टक्के.

पाच टक्क्यांचा फरक तीस टक्क्यांचा झाला. माणसं तीच, घरं तीच, पगारही तेच. हा अभ्यास दोन दशकांपूर्वीचा आहे, पण त्याची रीत जुनी झालेली नाही.

अलीकडचं उदाहरण : ब्रिटनमध्ये सोशल मेट्रिक्स कमिशनने २०१८ मध्ये गरिबीचं नवं माप सुचवलं. त्यात अपंगत्वाचा टाळता न येणारा खर्च उत्पन्नातून वजा केला. त्या हिशेबाने तिथल्या १.४२ कोटी गरिबांपैकी जवळजवळ निम्मे, ६९ लाख, अपंग व्यक्ती असलेल्या कुटुंबांतले निघाले. स्कोप या संस्थेचा २०२३ चा अंदाज असा की अपंग व्यक्ती असलेल्या घराला इतरांसारखं राहणीमान ठेवायला महिन्याला सरासरी ९७५ पौंड जास्त लागतात. सरासरी आहे, तेव्हा तोंडी फेकायला वापरू नये. कोणाला शंभर पुरतात, कोणाला तीन हजारही नाही.

(एक तक्रार : सरासरीवर भांडणारे लोक विखुरण कधीच विचारत नाहीत. असो.)

शून्यशेष

बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज लिहितो.

मणक्याच्या दुखापतीनंतर मी भावाच्या घरी राहतो. भाऊ-वहिनी दोघेही नोकरीत. तुमच्या त्या चळतीत आमचं घर बऱ्यापैकी वर लागेल. मी त्या घराचा सदस्य, म्हणून मीही वर. त्या मोजणीत असं गृहीत धरलेलं असतं की घरात आलेला पैसा सगळ्यांचा सारखाच. कागदावर मी वर्षाला काही लाखांचा धनी आहे.

भाऊ वाईट आहे का? अजिबात नाही. आजवर त्याने कशाला 'नाही' म्हटलेलं नाही. पण मागावं लागतं. चाकाच्या खुर्चीतली हवेची गादी दर काही वर्षांनी बदलावी लागते, नाहीतर बसून बसून जखमा होतात. ती विमानाच्या सीटवरच्या उशीएवढी वस्तू किती महाग असते हे ज्याने घेतलीय त्यालाच ठाऊक. जुनी थोडी गळायला लागली की मी रोज सकाळी पंपाने हवा भरून घेतो आणि बोटाने चाचपून बघतो, खाली अजून किती जागा उरलीय. अजून महिनाभर चालेल, अजून पंधरा दिवस. पुतणीची फी भरायचा महिना असेल तर सांगतच नाही. डॉक्टरांच्या मते हा शुद्ध मूर्खपणा आहे, आणि त्यांचं बरोबर आहे.

कॅथेटर, लघवीच्या पिशव्या, हातमोजे, न्यायला-आणायला ठरवलेली गाडी. यातलं काहीही 'चैन' नाही आणि काहीही एकदा घेऊन संपणारं नाही.

माझ्या नावावर येणारी रक्कम लहान आहे. पण ती माझ्या खात्यात येते, माझ्या एटीएम कार्डावर. तिच्यासाठी कोणाच्या चेहऱ्याकडे बघावं लागत नाही. रोखठोक साहेब, 'त्या घराला काय अडलं असतं' असं तुम्ही विचारलंत. घराचं नसेल अडत. घरातल्या त्या माणसाचं अडतं.

पायवाट

शून्यशेष, +१. आणि लिहीत राहा.

टाचणी

वरच्या प्रतिसादाला धरूनच अमेरिकेचं सांगते. माझं काम लोकांचे असे अर्ज भरून देण्याचंच आहे.

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बाहेरचे लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. एसएसडीआय हा विमा. १९५६ पासून आहे. नोकरीत असताना पगारातून कर कापला गेला, पुरेशी वर्षं भरली, आणि मग काम करता येईनासं झालं तर मिळतो. नवरा कितीही कमावू दे, बँकेत कितीही असू दे, फरक पडत नाही. दुसरा एसएसआय, १९७२ च्या कायद्याने आला, १९७४ पासून मिळायला लागला. तो गरिबांसाठी. त्याला उत्पन्नाची अट, शिल्लकीची अट, सगळं.

'घराचं उत्पन्न' म्हणजे काय ते एसएसआयमध्ये बघा. मूल अपंग असेल तर १८ वर्षांपर्यंत आईबापांच्या उत्पन्नाचा काही भाग त्याचा समजतात. बाप बरा कमावत असेल तर मुलाला शून्य. अठरावा वाढदिवस झाला की आईबापांचं उत्पन्न बघणं बंद. तेच घर, तीच खोली, तोच पलंग. काल सुस्थितीतला, आज निर्धन. रोखठोक, यातली खरी परिस्थिती कोणती ते तुम्हीच सांगा.

पुढे त्या मुलाने लग्न केलं तर पुन्हा वेगळा हिशेब, कारण आता बायकोचं उत्पन्न त्याचं समजतात. दोघांनाही एसएसआय असेल तर आणखी मजा. २०२५ मध्ये एकट्याला महिन्याला कमाल ९६७ डॉलर, दोघे नवराबायको असतील तर मिळून १४५०. वेगवेगळे राहिले असते तर १९३४. लग्नाच्या दाखल्याची किंमत महिन्याला ४८४ डॉलर. त्यामुळे वर्षानुवर्षं एकत्र असून लग्न न केलेली जोडपी माझ्या कामात नेहमीच भेटतात.

शिल्लकीची मर्यादा एकट्याला २००० डॉलर, जोडप्याला ३०००. हा आकडा १९८९ पासून हललेला नाही. मधल्या काळात महागाई कुठल्या कुठे गेली, पण बँकेत २००१ डॉलर असले की तुम्ही सरकारदरबारी सुस्थितीत. गाडीचा रॅम्प दुरुस्त करायला कोणी पैसे साठवले तर साठवण्याचाच गुन्हा. यावर २०१४ च्या कायद्याने एबल नावाची अपंगांसाठीची बचत खाती काढली, त्यात एक लाख डॉलरपर्यंतची रक्कम एसएसआयसाठी धरत नाहीत. पण ती खाती फक्त २६ वर्षांच्या आत अपंगत्व आलेल्यांना होती. २०२६ च्या जानेवारीपासून ही वयाची अट ४६ झाली.

आणखी एक नमुना. कोणी फुकट जेवू घातलं तर त्याचीही किंमत लावून एसएसआय कमी करत असत. अर्जात विचारायचो आम्ही, 'जेवण कोण देतं?' आणि समोरची बाई बहिणीकडे बघायची. जेवणाचा भाग ३० सप्टेंबर २०२४ पासून काढून टाकला. राहायला फुकट जागा मिळाली तर अजूनही कापतात.

सातबारा

टाचणीताई, २००० डॉलर वाचून हसू आलं, कारण आपल्याकडचे आकडे बघा.

केंद्राची इंदिरा गांधी अपंगत्व निवृत्तिवेतन योजना : अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त हवं, घर दारिद्र्यरेषेखालचं हवं, मग महिन्याला ३०० रुपये. २०१२ पासून तीनशेच. वय ८० झालं की ५००. राज्यं आपापली भर घालतात म्हणून प्रत्यक्षात जास्त मिळतात. आंध्रात २०२४ मध्ये ३००० चे ६००० केले. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेत ४० टक्के अपंगत्व चालतं. २०२३ पासून महिना १५०० होते, ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांना २५००.

आता उत्पन्नाची अट. निराधार योजनेत इतरांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं, दिव्यांगांसाठी ५०,००० च्या आत. पन्नास हजार म्हणजे महिना चार हजार एकशे सहासष्ट. एका माणसाचं नव्हे, अख्ख्या कुटुंबाचं. घरात एक जण रोज मजुरीला जात असेल तर प्रामाणिकपणे सांगायचं झाल्यास ते घर या मर्यादेत बसतच नाही.

मग दाखले कसे निघतात? निघतात. उत्पन्नाच्या दाखल्यावर लिहिलेला आकडा आणि चुलीवरचा आकडा यांचा संबंध नसतो, हे दाखला देणाऱ्यालाही माहीत असतं आणि घेणाऱ्यालाही. मी अशा अर्जांत मदत करतो. समोरचा माणूस विचारतो, "दादा, किती लिहू?" किती आहे असं कोणी विचारत नाही. त्यामुळे आपल्याकडे 'लाभार्थ्यांचं घरगुती उत्पन्न' अशी आकडेवारी दाखल्यांवरून काढली तर सगळे ४०-४५ हजारांत सापडतील. ती उत्पन्नाची नोंद नाही, मर्यादेची नोंद आहे.

आणि खरं बोलणारा मारला जातो. एका ओळखीच्या मुलाने धाकट्याला लागलेल्या नोकरीचा पगार सरळ लिहिला. नाव कमी झालं. धाकटा पुढे लग्न करून वेगळा झाला, मग पुन्हा अर्ज, पुन्हा दाखला, पुन्हा फेऱ्या.

रोखठोक

सातबारा, तुम्ही सांगताय ते मर्यादा फार खाली ठेवल्याचं उदाहरण आहे, मर्यादाच नको याचं नाही. पन्नास हजारांची पाच लाख करा. टाचणींनी सांगितलेल्या त्रुटीही दुरुस्त करता येतील. लग्नाचा दंड काढा, शिल्लकीचा आकडा महागाईला जोडा. तरी कुठेतरी रेघ मारावीच लागणार.

वहीखातं

रोखठोक, रेघ जरा वर सरकवली तर बराच त्रास कमी होईल, यात वाद नाही. पण रेघेचं एक अंगभूत दुखणं आहे आणि ते आकडा बदलून जात नाही.

ब्रिटनमध्ये अपंगांना मिळणाऱ्या रकमा दोन जातीच्या आहेत हे मी वर लिहायला हवं होतं तितकं लिहिलं नाही, ते आता लिहिते. पीआयपी जादा खर्चासाठी, बिनअटीचा. युनिव्हर्सल क्रेडिट पोटापाण्यासाठी, तो मात्र जोडप्याच्या एकत्र उत्पन्नावर. तुम्ही म्हणता ती रेघ तिथे आहेच. जोडीदाराने ठरावीक रकमेच्या वर कमावलेल्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स कापले जातात. बचत १६,००० पौंडांच्या वर गेली की सगळं बंद. म्हणजे पोटापाण्याचं घराकडे बघून, आणि अपंगत्वाचं माणसाकडे बघून. मला ही विभागणी पटते. खुर्चीची गादी नवऱ्याचा पगार वाढला म्हणून स्वस्त होत नाही.

एखाद्या बाईला काम झेपत नाही, नवरा मध्यम पगाराचा. युनिव्हर्सल क्रेडिट तिला मिळत नाही. मग तिच्या स्वतःच्या नावाने घरात येणारा पैसा बऱ्याचदा फक्त पीआयपी. त्यालाही घरच्या उत्पन्नाची अट लावली तर ती पूर्ण नवऱ्याच्या हातावर. चांगला नवरा असेल तर शून्यशेष म्हणतात तसं मागावं लागेल. वाईट असेल तर सोडून जायलाही पैसे नसतील.

दुप्पट देता येईल म्हणालात, तेही पटत नाही. अट लावली की तपासणी आली, दरवर्षीचे कागद आले, आणि घाबरून अर्जच न करणारे आले. ब्रिटनमध्ये पेन्शन क्रेडिटला, म्हणजे कमी उत्पन्नाच्या वृद्धांच्या भत्त्याला, अशी अट आहे. पात्र असलेल्यांपैकी साधारण तिघांतला एक ते घेतच नाही. यातून वाचलेला पैसा श्रीमंतांचा नसतो. सुस्थितीतल्या घराकडून वसूल करायचं असेल तर आयकर आहे, तिथे करा. तिथे निदान धडधाकट श्रीमंतही रांगेत असतो.

आडवाट

ऑस्ट्रेलियाचं कोणी लिहिलं नाही म्हणून : इथल्या डिसेबिलिटी सपोर्ट पेन्शनला जोडीदाराच्या उत्पन्नासकट अट आहे. पण कायमचं अंधत्व असलेल्यांना नाही. अंध माणसाला उत्पन्नाची अट नाही, मालमत्तेची नाही. बाकी सगळ्यांना आहे. यामागचं तर्कशास्त्र विचारू नका, इतिहास आहे.

दुसरं, चर्चेत सुटलेलं. 'घरचं उत्पन्न' बघताना जे येतं तेच दिसतं. जे येईनासं झालं ते दिसत नाही. आमच्या ओळखीत एका घरी मुलाच्या काळजीसाठी आईने शिकवण्याची नोकरी सोडली. उत्पन्नाच्या तक्त्यात ते घर 'एक कमावता, मध्यम उत्पन्न' एवढंच. तिचा गेलेला पगार, गेलेली पेन्शन, कुठेच नोंद नाही. ब्रिटनमध्ये काळजी घेणाऱ्याला भत्ता आहे, २०२५-२६ मध्ये आठवड्याला ८३.३० पौंड. पण स्वतःची कमाई मर्यादेच्या (त्या वर्षी आठवड्याला १९६ पौंड) वर एक पौंड जरी गेली तरी सगळा भत्ता जातो. थोडा कापून नाही, सगळा. एप्रिल २०२५ आधी ही मर्यादा १५१ होती, आणि थोडीशी ओलांडलेल्या लोकांकडून हजारो पौंड परत मागितले गेले. २०२४ मध्ये त्यावरून तिथे बराच गदारोळ झाला होता. मर्यादा ओलांडल्याची माहिती त्या काम आणि निवृत्तिवेतनाच्या सरकारी खात्याकडे येत होती, तरी वेळेवर कळवलं नाही आणि रक्कम साठत गेली.

टाचणी

आडवाट, हा प्रकार इथेही तसाच. जादा दिलेले पैसे परत मागणारी पत्रं. ते पत्र घेऊन आलेला माणूस पाकीट टेबलावर ठेवतो आणि उघडत नाही, "तुम्हीच उघडा" म्हणतो.

चौकट

आपल्याकडे कायद्यात उत्पन्नाबद्दल काही आहे का? की सगळं शासन निर्णयांवर?

सातबारा

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २४ बघा. सरकारने आपल्या आर्थिक कुवतीत राहून सामाजिक सुरक्षेच्या योजना कराव्यात, असं आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे तशाच प्रकारच्या योजनेत इतरांना जेवढं मिळतं त्यापेक्षा दिव्यांगांना किमान २५ टक्के जास्त मिळावं, असंही आहे. म्हणजे त्याच परिस्थितीत जगायला जास्त लागतं हे कायद्याने मान्य केलंय. हिशेबनीसांनी सांगितलेला तो दुसऱ्या अडचणीचा मुद्दा, कायद्याच्या भाषेत. महिना किती द्यायचे, कोणाला द्यायचे, हे मात्र शासन निर्णयांवर.

हिशेबनीस

रोखठोक यांच्यासाठी एक हिशेब. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८०यू खाली अपंग करदात्याला ७५,००० रुपयांची वजावट मिळते, तीव्र अपंगत्व म्हणजे ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. घरात अवलंबून असलेली अपंग व्यक्ती असेल तर ८०डीडी खाली तेवढीच. घरचं उत्पन्न किती, याची अट नाही. पगार जेवढा मोठा तेवढा फायदा जास्त : ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा सव्वा लाखाच्या वजावटीवर वर्षाला ३७,५०० रुपये कर वाचतो, वर उपकर वाचतो तो वेगळा.

निराधार योजनेचे महिना २५०० धरले तर वर्षाचे ३०,०००.

म्हणजे गरिबाला द्यायच्या पैशाला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ५०,०००, आणि करदात्याला नुसती वजावटच ७५,०००. 'सुस्थितीतली घरं भत्ता घेतात' अशी ओरड या बाजूला कधी ऐकली आहे?

रोखठोक

नाही ऐकली. आणि हो, हेही बंद करायला माझी हरकत नाही. निदान माझ्या म्हणण्यात सुसंगती आहे.

हिशेबनीस

सुसंगती आहे, मान्य.

चौकट

थांबा, बंद करायच्या आधी : ८०यू नव्या करप्रणालीत मिळते का? कार्यालयातून नवीन प्रणाली आपोआप लावलीय आणि बहिणीचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांग ओळखपत्र) आत्ताच आलंय.

हिशेबनीस

नाही. ८०यू आणि ८०डीडी दोन्ही जुन्या प्रणालीतच. पगारदार असाल तर विवरणपत्र मुदतीत भरताना जुनी निवडता येते, कार्यालयाने काही लावलं असलं तरी. पण आधी दोन्हीकडचा कर काढून बघा. नव्या प्रणालीतले टप्पे आता इतके सैल आहेत की मधल्या पगाराला ही वजावट सोडूनही नवीच स्वस्त पडू शकते. बहीण तुमच्यावर अवलंबून आहे की स्वतः कमावते? अवलंबून असेल तर तुम्ही ८०डीडी, कमावत असेल तर ती ८०यू. दोघांनी एकाच अपंगत्वावर घेता येत नाही. प्रमाणपत्रावर टक्के किती आहेत ते सांगा, मग आकडा काढून देतो.